हरकत क्रमांक ८१४

सुनावणी बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर.
टोकन घ्यायचं, तीन मिनिटं बोलायचं.
भिंतीवर आराखडा : रहिवासी पिवळा, व्यापारी निळा,
आणि खाडीच्या कडेला करड्या रेघांचा चौकोन,
त्यावर लिहिलेलं – वाहनतळ.

मी टंकलेखक. कंत्राटी. मूळचा औशाचा.
लोक बोलतात ते कार्यालयाच्या मराठीत बसवतो.
'आमच्या पोरांनी खेळायचं कुठं' असं आलं की
'सदर भूखंड क्रीडांगणासाठी राखीव ठेवण्यात यावा.'
बोटं आपोआप चालतात.
शिव्यांचीही मी 'तीव्र नाराजी' करतो.

नथीबाई पोशा कोळी, दिवाळे गाव.
शिपायानं पाटी बाहेर ठेवायला लावली होती,
तरी वास आत आलाच तिच्यासोबत
आणि दोन साहेबांनी पाण्याच्या बाटल्या
उगाच इकडच्या तिकडे केल्या.

ती खुर्चीत बसली नाही.
सरळ नकाशाशी गेली, चौकोनावर बोट ठेवलं.
"कोलीवारा ह्यो. आन हितं आमी जवला सुकवताव,
सासूचे सासूपासून.
तुमी गारी लावाला जागा केली.
आमाला दुसरीकरं देताव बोलता. जागा बरी हाय.
पन तिकरं वारा नाय."

मी लिहिलं.
ती म्हणाली, "वाचून दाखव."

असं कुणी म्हणत नाही.
नऊ दिवसांत आठशे तेरा जण
न वाचता सही करून गेले होते.
साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी वाचलं :
'पर्यायी जागेवर वाडा नसल्याने ती गैरसोयीची आहे.'

"वारा?" ती म्हणाली.
"वाडा," मी म्हणालो.

चूक माझी नव्हती. म्हणजे, होती.
कोलीवाऱ्याचा कोळीवाडा केला होता,
गारीची गाडी,
त्याच झपाट्यात वाऱ्याचा वाडा झाला.

तिनं पदराचं टोक उचललं,
एसीच्या झोतासमोर धरलं.
"वारा रं बाला. ह्यो."
पदर हलला.
"नुसते उन्हानं जवला सुकत नाय. सरतो."
सडतो. हे मात्र मला बरोबर कळलं.

घंटी वाजली. मी वाडा खोडला.
बोटं वळली ती सवयीच्या अक्षरांकडे :
नैसर्गिक वायुवीजन.
मग, कशामुळे कोण जाणे, लातूरचं कॉलेज आठवलं.
पहिल्याच तासाला मी 'लई' म्हणालो होतो आणि वर्ग हसला होता.
त्यानंतर एकदाही म्हणालेलो नाही.

टाइप केलं : तिकडं वारा नाही.

तिनं दोनदा वाचून घेतलं.
सही केली, चार अक्षरं, ओळ सोडून वर चढणारी,
आणि बाहेर जाऊन आधी पाटीवरचं फडकं नीट केलं.

आज मसुदा परत आलाय. पान दोनशे सहा.
'वारा'खाली पेन्सिलीची रेघ,
समासात बारीक अक्षरात प्रश्न :
वारा कुठून येतो, याचा नकाशा आपल्याकडे आहे का?

उत्तर माझ्या टेबलावरून जायचंय.
'नाही' लिहिलं.
थोडं थांबून पुढे लिहिलं, 'दिवाळ्यात विचारावं लागेल.
माणसं पहाटे, ओहोटीला भेटतात.'

साहेब हे ठेवतात की खोडतात, माहीत नाही.
माझं कंत्राट मार्चपर्यंत आहे.