दुसऱ्यांदा लावते

हडर्सफील्डच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
पुस्तकासोबतची सीडी मी कपाटातच ठेवते.
त्या सीडीतल्या बाईसारखं
या गावात कुणीच बोलत नाही.

फोनवर टिपून आणलेले आवाज लावते :
बसचा ड्रायव्हर, पाववाली मॉरीन,
दवाखान्याच्या खिडकीतली घाई.
पेनं खाली. आधी नुसतं ऐका.
माणसं किती? वैतागलंय कोण?

रेबवार म्हणतो, शब्द एकही कळला नाही,
पण मागे केटल उकळतेय
आणि ती बाई उभ्यानं बोलतेय.
वर्ग हसतो.
मी फळ्यावर लिहिते : केटल.

दुसऱ्यांदा लावते.
आता वाद : फिफ्टीन की फिफ्टी?
सलामाविट डोळे मिटून बसलीय.
मागे या एवढ्याशा 'न'पायी
सव्वादोनला पोचायचं ते ती दोन-पन्नासला पोचली,
कडेवर तापलेलं पोर, समोर बंद दार.
'फिफ्टीन,' ती म्हणते. डोळे न उघडता.

आई म्हणायची, तू ऐकत नाहीस.
म्हणजे, सांगितलं ते करत नाहीस.
इथे आले तेव्हा उलटंच झालं :
वर्षभर जो तो सांगेल ते करत गेले,
हसून येस येस म्हणत,
ऐकू काहीच आलं नव्हतं.
हे वर्गाला अजून सांगितलेलं नाही.

खुर्च्या रचताना रेबवार मागे रेंगाळतो.
पाववाली मॉरीन त्याला रोज 'लव्ह' म्हणते.
बरोबर ऐकलं का?

बरोबर ऐकलंस.
अर्थ पुढच्या मंगळवारी.