नवतप्यातलं स्वेटर

नवतपा लागला.
डांबरी रस्त्याला चप्पल चिकटते,
कोंबड्या रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडल्यात,
आणि मी गिरणीत बसलेय
प्रांजलीचं शाळेचं निळं स्वेटर घालून.
बाह्या अपुऱ्या,
मनगटं उघडी, गार.

दळण घेऊन आलेली बाई
आधी स्वेटर बघते, मग मला.
"नलू, तब्येत सुधारली वं तुही."
सुधारली.
सकाळी एक भाकर, रात्री अर्धी,
ब्लाउजच्या दोन्ही शिवणी उसवून झाल्या,
आणि तब्येत सुधारतेच आहे.

दारव्ह्याला तीनदा गेले,
एक एसटी, एक काळीपिवळी, उपाशीपोटी.
लॅबमधला ढोकेंचा पोरगा
कोपरावर थापा मारत राहिला.
"ताई, शीर सापडत नाही."
मीच सापडत नाही रे बाबा,
मनात म्हटलं.
तोंडानं म्हटलं, डाव्या हाताची पाहून घे.

तिन्ही कागद देवाच्या फोटोमागे खोचलेत.
एकीकडे माझा आकडा, शेजारी हद्द:
कुठून कुठपर्यंत माणूस ठीक, ते छापलेलं.
माझा आकडा हद्दीच्या आत,
धुऱ्याला अंग घासून उभ्या गाईसारखा.
कोणाचं पीक खाल्लं नाही,
तिला कोंडवाड्यात तरी कशी नेणार?

"नॉर्मल आहे," म्हणाले डॉक्टर
आणि दाराकडे बघून पुढचं नाव घेतलं.
"नारमल हाये म्हन्ते," सासूबाईंनी
नळावर सगळ्यांना सांगितलं.
दिवाकरनं पेढे आणले नाहीत, एवढंच.

तेव्हापासून केस गळतात ते उगाच.
भुवयांची टोकं विरली ती उगाच.
टाचेच्या भेगेत गोधडीचा दोरा अडकतो.
आवाज असा जाडा झाला
की फोनवर भावानं विचारलं,
"भाऊजी, ताई कुठं आहे?"
दुपारी चाळणी हातात धरल्या धरल्या डोळा लागतो,
आणि घरात एक शब्द फिरत असतो
मांजरीच्या पायांनी.
माझ्यासमोर कोणी उच्चारत नाही.
आळस.

मागल्या आठवड्यात लाईनमन उईके आला.
मोटर नुसती गुरगुरत होती, उचलत नव्हती.
त्यानं टेस्टर लावला, दिवा पेटला.
"सप्लाय हाये ना ताई."
हाये, मी म्हटलं. दिवा पेटते.
दगड फिरत नाही.
त्यानं डोकं खाजवलं,
टेस्टरकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं,
मग त्या उन्हात खांबावर चढला.
अर्ध्या तासानं उतरला, शर्ट पाठीला चिकटलेला.
"कमी येऊन राह्यलं. टेस्टरले काय,
थोडकंही पुरते."

मी त्याला चहा केला.
साखर घातली की नाही, आठवत नाही.
तो काही न बोलता प्यायला.

उधारीच्या वहीत आता मागच्या पानापासून लिहिते.
मंगळवार, केस, मूठभर.
गुरुवार, चुलत नणंदेचं नाव आठवेना.
शनिवारचं लिहायचं राहिलं.

आज पंचफुलाबाई ज्वारी घेऊन आली, दोन पायल्या.
सुटे पैसे देताना माझी बोटं
तिच्या तळहाताला लागली.
तिनं हात मागे घेतला नाही.
"मायवं," एवढंच म्हणाली.
काय झालं, कधीपासून, रिपोर्ट काढला का,
काही नाही.

पीठ डब्यात पडत होतं, ऊन ऊन.
"लय तपलं हाये हे. सांजेला नेईन.
राहू दे तवरीक तुयाजवळ."
घर तिचं चार पावलांवर.
आयुष्यभर गरम पिठाचा डबा
डोक्यावर घेऊन गेलेली बाई.

पदर पुढे ओढून ती उन्हात शिरली.
मी दार लोटलं,
स्वेटरच्या बाह्या वर सारल्या
आणि दोन्ही हात
मनगटापर्यंत तिच्या ज्वारीत घातले.

बाहेर शेहेचाळीस होतं म्हणे.