दोन रात्री पाण्याखाली

माझ्या बापाने उभ्या जन्मात होडी केली नव्हती.
तिफणी केल्या, वखर केले, पाळणे, चौकटी,
बोरीच्या एका दवाखान्याचं बाकडं,
आणि गाड्या. किती, ते त्यालाही सांगता यायचं नाही.
शेवटची गाडी अकरा वर्षांपूर्वीची.
मग वाकस खुंटीवर गेला.

धुरपताबाई भोईण येलदरीच्या काठाने चालत आली,
डोक्यावर थर्माकोलचा तुटका तुकडा.
"ह्याच्यावर बसून जाळं टाकते मी.
अर्धं उन्हानं खाल्लं, अर्धं उंदरांनी.
मला लाकडाची करून दे, नरहरी."
"मला नाही येत."
"गाडी येते ना? चाकं काढ तिची."

त्या रात्री बाज कुरकुरत राहिली.
सकाळी तो बाभळीखाली उभा, मान वर करून.
आयुष्यभर सरळ लाकूड निवडलेला माणूस
वाकडं शोधत हिंडला:
नाल्याकडेची, वाऱ्याने एका अंगाला कललेली,
शेळ्यांनी लहानपणीच ओरबाडलेली,
प्रत्येक बाभळीपाशी थांबून
हाताने हवेत कमान काढायचा.
सात फांद्या मिळाल्या. आठवी मिळाली नाही,
म्हणून होडी सात फासळ्यांची.

फळ्या जिंतूरच्या वखारीतून, उधारीवर.
करवतीचं दुसरं टोक माझ्या हातात.
मी सासरहून आले होते, का ते कुणी विचारत नव्हतं.
भुसा उडायचा, ते बरं होतं.
डोळे पुसायला कारण लागत नव्हतं.

आमच्याकडे शब्दच नव्हते.
कोकणात असतील, एकेका फळीला नाव असेल.
इथं बाप म्हणायचा, "जू धर,"
म्हणजे पुढची आडवी पट्टी.
मधला कणा म्हणजे दांडी.
वल्हं अडकवायच्या खुंट्या म्हणजे शिवळा.
फक्त एक शब्द उरला त्याच्या हातात.
"आख नाही हिला," तो रंधा थांबवून म्हणाला,
"कशाभोवती फिरायचं हिनं?"

फटींत कापूस. तो आमच्याकडे काय कमी!
शेवटच्या वेचणीचा, कवडीचा, व्यापाऱ्याने परत केलेला.
मी वाती वळल्या, देवाला वळतात तशाच,
पण हात हात लांब.
बापाने पटाशीच्या पाठीने ठोकून बसवल्या.
वरून डांबर, रस्त्याच्या कामावरून मागून आणलेलं,
तेलाच्या डब्यात उकळलेलं.
तीन दिवस गल्लीच्या भाकरीला त्याचा वास.

मग ट्रॉलीतून धरणावर नेली
आणि बापाने तिच्यात दगड भरले,
कमरेइतक्या पाण्यात तिला बुडवून टाकली.

काठावरची माणसं हसली.
"पांचाळाची नाव चालायच्या आधीच बुडाली!"
शाळेतली पोरं तेच ओरडत गावभर गेली.
बाप गप्प.
उन्हाळ्यात खिळखिळी झालेली चाकं
ओढ्यात भिजत टाकायचे,
ते कुणाला आठवलं असतं तर हसले नसते.
लाकडाला पोटभर पिऊ द्यावं लागतं.
फुगलं की ते आपलं आपण मिटतं.

दोन रात्री ती पाण्याखाली होती.
दोन्ही रात्री तो काठावर झोपला,
खळ्यावर झोपतात तसा, एक कान उघडा ठेवून.

तिसऱ्या दिवशी दगड काढले, डब्याने पाणी उपसलं.
धुरपताबाईने तळ पदराने पुसला,
थोडं थांबून पुन्हा हात फिरवला,
हात हुंगला आणि म्हणाली,
"डांबराचे पैसे वेगळे द्यायची नाही मी."

तिसऱ्या फासळीपाशी अजून थेंब येतो.
तिथं तिनं चिंधी ठेवलीय.

बापाला पोहता येत नाही. तो एकदाच बसला,
दोन्ही कडा घट्ट धरून.
होडी सुटली तशी जीभ टाळूला लावून
टक् टक् केलं त्याने, बैलांना करतात तसं.
खाली कुठंतरी
बुडालेला गाडीरस्ता होता, त्याच्याच चाकोऱ्यांचा.
वल्हं माझ्या हातात, आणि मला मारता येत नव्हतं.
होडी जागच्या जागी फिरली,
एकदा, मग आणखी एकदा,
बाप मधोमध, ताठ बसलेला.