फवारणीच्या आधी

सोसायटीने बोलावलंय आठला.
मी सव्वासहालाच येतो,
टाकी पंपघराच्या भिंतीला टेकवतो,
झाकण घट्ट आहे ना, दोनदा बघतो,
मग पिशवीतून कॅमेरा काढतो.

गव्हाणपाड्यातली ही बाग म्हणजे
चार जास्वंदी, एक कढीपत्ता,
गणपतीनंतर कुणी लावून विसरलेला आघाडा,
आणि कुंड्या. त्यातली एक फुटकं बेसिन आहे.

लेन्स बोरा बाजारातली, जुनी, नऊशेला.
उलटी बसवायची.
दुकानदार म्हणाला होता, मुंगीची म्हैस होते.
फ्लॅशवर श्रीखंडाच्या डब्याचं झाकण, रबरबँडने.
दहाबारा फोटो झाले, तापलं,
की अजून वेलचीचा वास येतो.

डिसेंबरात सकाळी किड्यांना हलवत नाही.
दव अंगावर घेऊन बसून असतात,
ऊन येईस्तोवर.
रिंग फिरवायची नाही. आपणच पुढे सरकायचं
केसभर,
मग अर्धा केस मागे.
एवढ्याशाच पट्टीत सगळं लख्ख,
अलीकडे धुकं, पलीकडे धुकं.
श्वास घेतला की माशीचा डोळा हातचा जातो
आणि फोटोत नुसती तंगडी.

श्वास धरायला मला औषधाने शिकवलं.
विषाला आम्ही औषधच म्हणतो,
शेठने पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
गिऱ्हाइकासमोर दुसरा शब्द काढायचा नाही.
मास्क फाटका होता.
तीस मोजेपर्यंत धरायचा,
मग वाऱ्याकडे तोंड करून सोडायचा.
तेच तीस आता मी इथे खर्च करतो.

मावा हिरवा असतो असं अकरा वर्षं समजत होतो.
तो आरपार दिसतो.
पोटातली पिल्लंसुद्धा दिसतात, त्यांचे डोळे,
लाल टिंबं,
जन्माच्या आधीच बाहेर बघणारी.
मुंगी त्याची पाठ थोपटते, तो एक थेंब देतो.
माझ्याकडे याचा हिशेब होता:
लिटरला दोन मिली.

कढीपत्त्यावर चिमणीची शीट होती,
पुसायला गेलो तर तिला पाय निघाले,
आणि डोक्यातून दोन नारिंगी शिंगं.

मागच्या खेपेला सेक्रेटरी राजाध्यक्षबाई
चालायला निघाल्या होत्या, थांबल्या.
“मोकल, हे कुठल्या देशातलं?”
स्क्रीनवर कोळी होता, तांदळाएवढा,
चार डोळे समोर, वर पांढऱ्या भुवया,
पावती मागितल्यासारखा बघत.
“बी विंग,” म्हटलं. “तुमच्याच गॅसच्या पाइपवर.”
त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.
“गटारात डासांचं तेवढं करा. जास्वंदीला राहू दे.”
दोन पावलं जाऊन वळल्या,
“बिल मात्र पूर्ण लावा हं.
कमिटीत उगाच प्रश्न नकोत.”

आज बाई पुण्याला, लेकीकडे.
यादी चौबळसाहेबांच्या हातची, अक्षर सुंदर:
जास्वंद, पांढरी कीड, दोनदा मारणे.

सात पन्नास.
ऊन कढीपत्त्यापर्यंत आलंय.
पांढऱ्या किडीच्या कापसात
एक लाल भुंगेरा तोंड खुपसून न्याहारी करतोय,
माझंच काम, माझ्याआधी, फुकटात.
पाठीची पेटी जरा उघडतो, मिटतो,
उडायचं की नाही ते ठरत नाही त्याचं.

मागे रोशन बादलीत बाटली उपडी करतो,
पाणी दुधासारखं पांढरं होतं.
“काका, कालवलं. टाकी भरू?”

मी श्वास धरलाय,
बोलता येत नाही.
सव्वीस.
सत्तावीस.