तिसरा चेंडू

ओउलूच्या इस्पितळात सकाळचे नऊ. बाहेर अजून अंधार.
साइला येते, उशी हातात देते:
"छातीशी घट्ट धर. आता खोक."
खोकणं म्हणजे
आपलंच दार आतून लाथाडणं.

चाळीस वर्षं मी खांबांवर चढून विजेच्या तारा ओढल्या,
उत्तरेकडच्या शेवटच्या घरापर्यंत.
आता माझंच हाड तारेनं आवळलंय.
गाठी कुणी मारल्या, विचारलं मी,
वाऱ्यात टिकतील ना?
साइला हसली. मला हसायला बंदी.

नळी तोंडात. ओढ.
पहिला चेंडू चटकन उठतो, शाळकरी पोरासारखा.
दुसरा कुरकुरत.
तिसरा तळाशी, निळा, ढिम्म.
दर तासाला दहा वेळा त्याची मनधरणी.

रात्री केर्तूचा फोन.
आम्ही फारसं बोलत नाही, कधीच बोललो नाही.
अंगणातला पंप गोठलाय, म्हणाली. मग गप्प.
तिचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला,
लांब, सावकाश,
भांडी आवरून नुकत्याच टेकलेल्या बाईचा.
नळी ओठांत धरून मी त्याच्या मागोमाग
आत. थांब. बाहेर.

चेंडूकडे बघायचं राहूनच गेलं.