परिहार

पत्र कानडीत आलं : परिहार बोधने.
चौगुले सरांनी चष्मा कपाळावर सरकवून अर्थ सांगितला,
कच्च्या पोरांचे जादा तास,
चाळीस दिवस, शाळा सुटल्यावर,
पोरामागे इतके, खडूला इतके, खाऊला इतके,
आणि खर्चाचा दाखला एकतीस मार्चच्या आत.
पैसे जमा झाले मार्चच्या नऊ तारखेला.
नऊ ते एकतीसमध्ये चाळीस दिवस बसवा,
असलं गणित कच्च्या पोरांना घालू नये.

लगमव्वानं त्यातलं परिहार तेवढं ऐकलं.
"पुराचा व्हय बाई? भित्ताड पडून तिसरं वरीस लागलं."
तिच्या तोंडी परिहार म्हणजे फोटो, पासबुक,
वेदगंगेचं पाणी कुठवर आलं होतं
ते चुन्याच्या रेघेवर बोट ठेवून दाखवणं.
माझ्या तोंडी श्रमपरिहार,
गॅदरिंग उरकल्यावरचा चहा-चिवडा.
म्हटलं, पुराचा नव्हे, मायाप्पाचा आलाय.
"त्येचं काय पडलंय?"

काय पडलंय ते कसं सांगू.
सहावीत आहे. जोडाक्षर आलं की थांबतो,
म्हैस ओढ्याच्या काठाशी थांबते तसा,
मागून हाकलून उपयोग नाही.
सत्तावीस लिही म्हटलं की बहात्तर लिहितो.
सात आधी ऐकतो, सात आधी मांडतो,
यात त्याचं काय चुकलं?
भिंतीपलीकडच्या कानडी वर्गात इप्पत्तेळु म्हणतात,
वीस पुढं, सात मागं, जसं लिहायचं तसं.
आमच्यात शेंडा आधी, बुडखा नंतर.
आणि हाच मायाप्पा
आईच्या सुपाशेजारी बसून कट्टे बांधतो, पंचवीस बिड्यांचा एक.
हजाराला किती विचारा,
दोरा दातानं तोडता तोडता म्हणेल, चाळीस.

आमच्या क्लस्टरची कच्ची पोरं बहात्तर भरली.
मंजूर झाली सत्तावीस.
विचारायला निपाणीला गेले. गुरुसिद्धय्या क्लार्क
फायलीवरची धूळ फुंकत म्हणाले,
"टायपिंगात उलटं झालं असंल मेडम,
फुडच्या वर्षी सरळ करून घेऊ."
जन्मभर इप्पत्तेळु म्हटलेल्या माणसाच्या हातून
उलटं कसं होतं?
त्यांना जादा तास लावायची सोय पत्रात नव्हती.

माझ्या शाळेच्या वाट्याला तीन पोरं आली.
वर्गात बसतात अकरा.
बिस्किटाचे पुडे तिघांचे, मी मोडून वाटते,
चुरा कागदावर गोळा करून आसमा चाटते.
हजेरी तिघांचीच घेते, रजिस्टर तपासलं जातं.
उरलेली आठ, नाव पुकारलं नाही तरी,
एकामागून एक हजर म्हणतात.
मी मान वर करत नाही.
पाच वाजले की निम्मी उठतात,
"पानं भिजवायची हाईत बाई,"
आणि दप्तराऐवजी चपला हातात घेऊन पळतात.

आज मायाप्पा थांबला. फळ्यावर घातलं :
बहात्तरातून सत्तावीस गेले.
दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचं?
शेजाऱ्याकडून दहा घ्यायचे.
त्यानं खडू खाली केला.
"आन् शेजाऱ्यानं न्हाई दिलं तर?"

गणितात देतो, म्हटलं मी.

त्याला ते फारसं पटलं नाही, तरी घेतले त्यानं दहा,
सातावर तिरकी रेघ मारून, वर सहा लिहून, अगदी रीतीनं,
आणि तोंडानं म्हणाला पंचेचाळीस. बरोबर.
लिहिलं मात्र चोपन्न.

दाखला टेबलावर पडलाय,
अंकी आणि अक्षरी, दोन्ही रकाने कोरे.
सर दोनदा डोकावून गेले.
नऊ पोरं जास्तीची धरली त्यानं शिलकीत,
कुठल्या गावची, कोण जाणे.
डस्टर हातात होतं.
मी लगेच पुसलं नाही.