चतुःसीमा

हवेलीच्या निबंधक कचेरीबाहेर, सायकल स्टँडला लागून
माझं टेबल. तीन पाय लाकडी, चौथा विटांचा.
अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या जमिनी टंकल्या.
माझी म्हणाल तर टेबलाखालची तेवढी,
पावसाळ्यात तीही गटारीची.

गट नंबर चारशे सतरा, केसनंदच्या पुढे, अडतीस गुंठे.
पहिलं खत माझ्याच हातचं:
लिहून देणार ठकूबाई भ्र. गेनबा,
निशाणी डावा अंगठा.
पूर्वेस ओढा,
पश्चिमेस भावकीचा गट,
दक्षिणेस गावठाण,
उत्तरेस गायरान.
येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह
खूषखरेदी देत आहे ऐसाजे.

म्हातारीने शाई पदराला पुसली. म्हणाली,
"वढा लिवलास न्हवं? मागनं कुणी म्हणाया नको."
नोटा दोनदा मोजल्या,
घेणाऱ्याकडून वर उसाचा रस उकळला, दोन ग्लास,
आणि एसटी पकडायला गेली.

दोन महिन्यांनी गुणवंत मुथा आला.
दोन मोबाइल, एक नेहमी कानाला.
"काका, ओढा जरा बोचतो हो.
रस्ता करा ना. नियोजित."
शंभराची नोट रिबनच्या डबीखाली सरकली.

र. अर्धा स. ता.
ओढा बुजवायला एवढंच लागलं.
ओळ जरा रिकामी दिसत होती
म्हणून पुढे मीच घातलं: साठ फुटी.
हे मुथाने सांगितलं नव्हतं.

मग गट हलू लागला.
कोथरूडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई,
त्यांच्याकडून निवृत्त सुभेदार येसाजी जगदाळे,
त्यांच्याकडून न्यू जर्सीचा कुणी निनाद,
जो सही करायलाही आला नाही,
कुलमुखत्यार मामा आले, मामांना मधुमेह, चहा बिनसाखरेचा.
चाळीस हजार गुंठा, नव्वद, एक लाख सत्तर.
जागेवर कुणीच जाईना. जायचं कशाला?
मागचं खत होतं.
मागच्या खतात रस्ता होता.
प्रत्येक वेळी मी तो बघून बघून टंकला
आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक डांबरी झाला.

पाचव्या खताला
पोस्टातली आवर्ती ठेव मी मोडली.
दोन गुंठ्यांची इसारपावती, माझ्या नावे,
माझ्याच यंत्रावर, माझ्याच चुका खोडून.
हिला सांगितलं, रस्त्याला लागून आहे.

एका रविवारी पीएमटीने गेलो.
पुढे चालत. चप्पल धुळीत पांढरी.
गायरान सापडलं, भावकीचा बांध सापडला.
पूर्वेला पाणी.
मार्चातलं, घोट्याएवढं, शेवाळी,
मध्ये एक म्हैस, कुणाचीच नसल्यासारखी बसलेली.
सवयीने रुंदी पावलांनी मोजली:
साठ फूट भरली.

पलीकडे नवं पत्र्याचं घर, दारात ठकूबाई.
ओळखलं की नाही कळेना.
"रस्ता बघाया आलात व्हय?
तुमच्या आधी चौघं येऊन गेली.
काढा चपला, या अलीकडं. च्या ठेवते."

पाण्यात उभं राहून मला ते खत आठवलं.
जल, तरू, तृण.
जल पहिलं होतं.
प्रत्येकाने ते विकत घेतलं होतं, रीतसर, मुद्रांकासह,
आणि एकानेही वाचलं नव्हतं,
मी धरून.

चहा चांगला होता. आलं जास्त.

सोमवारी माझी इसारपावती एका तरुणाला दिली,
मगरपट्ट्यात नोकरी, बायको सोबत,
तिच्या हातात घराचं चित्र काढलेली वही.
मला सात हजार सुटले.
तिने विचारलं, "काका, पूर्वेला काय आहे?"
मी कागद चढवला, रूळ फिरवला,
मागचं खत डाव्या बाजूला उभं केलं
आणि बघून बघून
टंकू लागलो.